आमच्या हाफ मॅरेथॉनमधून आफ्रिकन धावपटूंना वगळावं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तालुक्याच्या गावी सहा वर्षं हाफ मॅरेथॉन भरवताय. यंदा खुल्या गटात पुरुषांचे पहिले चार आणि महिलांचे पहिले दोन क्रमांक केनिया-इथिओपियाच्या धावपटूंनी नेले. प्रायोजक कुरकुरतोय, गावची पोरं हिरमुसली आहेत आणि पुढच्या वर्षी परदेशी नकोतच असा ठराव समितीपुढे आहे. हा भेदभाव ठरेल का, असं तुम्ही विचारता. आणि जाता जाता एक ओळ लिहिता, की बक्षीस समारंभात समितीतलेच एक जण महिला विजेतीकडे बघून माइकजवळ म्हणाले, 'ही नक्की बाईच ना?' आणि लोक हसले.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या ओळीत आहे. ठरावाचं काय करायचं ते शेवटी सांगतो, ते सोपं आहे.

आधी माझ्याबद्दल. तरुणपणी पाच हजार-दहा हजार मीटर धावायचो, जिल्ह्याच्या पलीकडे फार मजल गेली नाही. गेली एकवीस वर्षं मात्र रस्त्यावरच्या शर्यतींत बाहेरून येणाऱ्या धावपटूंची व्यवस्था बघतो. विमानतळावरून आणणं, खोली, रस्त्यावरची पाण्याची टेबलं, उत्तेजक चाचणीच्या खोलीबाहेर त्यांच्यासोबत बसून राहणं आणि नंतर महिनोन् महिने बक्षिसाच्या पैशांचा पाठपुरावा. म्हणजे शर्यतीची मागची बाजू. तिथून बघितलं की 'हे येतात, जिंकतात, पैसे घेऊन जातात' हे वाक्य फार अपुरं वाटतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य करून पुढे जाऊ. तुम्ही त्यांना बोलावलं होतं की ते आपणहून नोंदणी करून आले? एजंटमार्फत आले, की पुण्यात शिकणारी मुलं रविवारची एसटी पकडून आली? बक्षीस पाच हजारांचं की लाखाचं? शर्यतीला संघटनेची मान्यता आहे का? यातल्या प्रत्येकाचं उत्तर तुमचे नियम थोडे बदलतं. वागणूक मात्र बदलत नाही.

वगळण्याचा प्रयोग याआधी झालेला आहे. इटलीतल्या ट्रिएस्टे शहरात मे २०१९ च्या हाफ मॅरेथॉनला आफ्रिकन धावपटू बोलावणार नाही, असं आयोजकांनी जाहीर केलं. कारण ऐकायला चांगलं होतं: एजंट या खेळाडूंना कवडीमोलाने राबवतात, त्याचा निषेध म्हणून. देशभर गदारोळ झाला आणि एक-दोन दिवसांत निर्णय फिरवावा लागला. आयोजक म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. एजंटांचा बाजार आहेच. पण शोषण करणारा एजंट आणि बंदी मात्र राबणाऱ्यावर, हा कुठला न्याय? तुमच्या ठरावातही 'परदेशी' लिहिलंय आणि मनात 'आफ्रिकन' आहे. उद्या एखादा जर्मन पर्यटक नोंदणी करून धावला तर तुम्ही त्याचा फोटो स्थानिक पेपरात छापून आणाल, खरं की नाही?

उलट टोकाचं उदाहरण बीजिंगचं. एप्रिल २०२४ च्या हाफ मॅरेथॉनमध्ये केनियाचे दोघे आणि इथिओपियाचा एक असे तिघे शेवटच्या टप्प्यात वेग कमी करत, हाताने खुणावत चीनच्या ह जे याला पुढे जाऊ देताना कॅमेऱ्यात दिसले. त्यातला विली म्नांगात नंतर म्हणाला की आम्ही पेसर म्हणूनच आलो होतो, चिनी विक्रमासाठी वेग लावून द्यायला. पण त्यांच्या छातीवर पेसरचा बिब, म्हणजे ओळखीचा कागद, नव्हता, साध्या स्पर्धकाचा होता. चौघांचेही निकाल रद्द झाले. लोकांनी हसायचं ते त्या तिघांना हसून घेतलं. त्यांना कोणता बिब द्यायचा हे ज्यांनी ठरवलं, त्यांची नावं कुणाच्या लक्षात आहेत?

दोन्हीकडे धागा एकच आहे. या खेळाडूच्या हातात फक्त धावणं असतं, बाकी सगळं दुसऱ्याच्या हातात. मोठ्या स्पर्धांतही तेच चालतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

केनियाचा फर्डिनांड ओमन्याला घ्या. १०० मीटर ९.७७ सेकंदांत धावलेला, आफ्रिकेतला सर्वांत वेगवान माणूस. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यूजीनला जागतिक स्पर्धा होती. त्याला व्हिसा मिळाला आदल्या दिवशी. अर्धं जग ओलांडून तो मैदानावर पोचला तेव्हा त्याच्या हीटला, म्हणजे सुरुवातीच्या फेरीला, जेमतेम तीन तास उरले होते. धावला, हीटमधून पुढेही गेला, उपांत्य फेरीत मात्र बाद झाला. तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच माणसाने सुवर्ण घेतलं. निकालपत्रात व्हिसाचा रकाना नसतो. तिथे फक्त 'उपांत्य फेरी' एवढंच राहतं.

दोष नेहमी गोऱ्यांचा असतो असं मात्र समजू नका. घरचे लोकही कमी नाहीत. भालाफेकीतला ज्युलियस येगो, यूट्यूबवर बघून भाला शिकलेला आणि २०१५ मध्ये ९२.७२ मीटर फेकून जगज्जेता झालेला, रिओ ऑलिंपिकला निघाला तेव्हा विमानतळावर कळलं की त्याचं तिकीटच काढलेलं नाही. कसाबसा गेला आणि रौप्य घेऊन आला. (२०२५ मध्ये बंगळुरूला नीरज चोप्राच्या स्पर्धेत दुसरा आला तो हाच.) नायजेरियाची गोष्ट याहून वाईट. उत्तेजकांचा धोका जास्त मानलेल्या देशांच्या खेळाडूंना मोठ्या स्पर्धेआधीच्या दहा महिन्यांत, स्पर्धेबाहेरच्या किमान तीन चाचण्या द्याव्या लागतात. त्या चाचण्यांची व्यवस्था करणं देशाच्या महासंघाचं काम. ती झाली नाही आणि टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर नायजेरियाच्या दहा खेळाडूंना अपात्र ठरवलं गेलं. एकही गोळी न घेता, निव्वळ कागदावर. ही मुलं टोकियोत फलक घेऊन उभी राहिली. त्या दहांत फेवर ओफिली नावाची धावपटू होती. तीन वर्षांनी पॅरिसला ती गेली, तर १०० मीटरसाठी तिचं नावच पाठवलेलं नाही असं निघालं. पुढच्या वर्षी ती तुर्कस्तानकडे निघाल्याची बातमी आली, तेव्हा मला तरी नवल वाटलं नाही.

देश बदलण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या सातारकरांना आठवेल अशी एक गोष्ट. दक्षिण कोरियातलं इंचॉन, २०१४ चे आशियाई खेळ, महिलांची तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर धावत होती. पहिली आली बहरीनची रूथ जेबेट. मूळची केनियाची, वय सतरा. ट्रॅकच्या आतल्या बाजूला पाय पडला म्हणून तिला बाद केलं, ललिताला रौप्य जाहीर झालं, मग अपिलात जेबेटचं सुवर्ण परत मिळालं आणि ललिता कांस्यावर आली. आपल्याकडे तेव्हा 'विकत घेतलेली पोरगी' असे शब्द मी स्वतः ऐकले, एखाददुसरा वापरलाही असेल. त्याच जेबेटने दोन वर्षांनी रिओत सुवर्ण घेतलं, ललिता त्या अंतिम फेरीत दहावी. पुढे जेबेट ईपीओ या उत्तेजकाच्या चाचणीत सापडली आणि चार वर्षांची बंदी आली.

आता मी त्या 'विकत घेतलेली'चा वेगळा विचार करतो. केनियाच्या संघात एका शर्यतीत तीनच जागा. राष्ट्रीय निवडीत पाचवा-सहावा येणारा मुलगा दुसऱ्या कुठल्याही देशात हिरो असतो, तिथे तो घरी बसतो. बहरीन किंवा कतार दार उघडतात, महिन्याचा पगार देतात, तो जातो. यात त्याचं चुकलं काय? आपली पोरं दुबईला जातातच की. फरक एवढाच, की दुबईला गेलेल्याचं नाव बदलत नाहीत. स्टीफन चेरोनो २००३ मध्ये कतारला गेला आणि सैफ सईद शाहीन झाला. त्याच वर्षी पॅरिसला स्टीपलचेसचा जगज्जेता, पुढच्या वर्षी विश्वविक्रम. पण अथेन्स ऑलिंपिकला धावता आलं नाही, कारण देश बदलल्यावर काही काळ थांबायची अट सोडायला केनियाने नकार दिला. दुसरा एक, लिओनार्ड मुचेरू, बहरीनकडून मुशीर सालेम जौहर म्हणून धावायचा. २००७ मध्ये तो इस्रायलमधली तिबेरियस मॅरेथॉन धावला आणि जिंकला. बहरीनने नागरिकत्वच काढून घेतलं. नोकरीवरून काढावं तसं. शेवटी २०१७ मध्ये जागतिक संघटनेने हे देशबदल गोठवले आणि पुढच्या वर्षी नवे नियम आणले: वीस वर्षांखाली नाही, आणि तीन वर्षं थांबायचं. सतरा वर्षांची जेबेट आज इंचॉनला बहरीनसाठी धावू शकली नसती.

आता तुमच्या त्या माइकजवळच्या वाक्याकडे येतो. इथे जरा थांबतो, कारण या एका वाक्यापायी खेळाडूंची आयुष्यं गेलेली मी पाहिली-वाचली आहेत.

दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातली कास्टर सेमेन्या. बर्लिनची २००९ ची जागतिक स्पर्धा, ८०० मीटर, १ मिनिट ५५.४५ सेकंद, वय अठरा. अंतिम फेरीच्या काही तास आधी जगभर बातमी फुटली की तिची लिंगतपासणी मागवली आहे. मुलगी सुवर्ण जिंकली आणि त्या रात्री तिच्या वेळेबद्दल कुणी बोललंच नाही. तिच्या शरीराबद्दल बोलले. पुढचे जवळपास अकरा महिने तिला स्पर्धेबाहेर राहावं लागलं.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. तमिळनाडूच्या सांथी सौंदराजनचं २००६ च्या दोहा आशियाई खेळांतलं ८०० मीटरचं रौप्य असंच गेलं. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ च्या राष्ट्रकुल खेळांआधी संघातून काढलं. तिने हार मानली नाही, स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये तो नियम, म्हणजे अंगात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त असलेल्या महिलांना अडवणारा, स्थगित करून घेतला. त्याचा फायदा सेमेन्यालाही झाला. रिओत ८०० मीटरचं सुवर्ण तिचं, रौप्य बुरुंडीच्या फ्रान्सीन नियोनसाबाचं, कांस्य केनियाच्या मार्गरेट वांबुईचं. २०१८ मध्ये नवा नियम आला, तो फक्त ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींपुरता. द्युतीच्या १००-२०० बाहेर, सेमेन्याची ८०० आत. रिओच्या त्या मंचावरच्या तिघींचीही ८०० मीटर त्यानंतर सुटली. तिघी आफ्रिकन.

सेमेन्याने या नियमाला आव्हान दिलं. मे २०१९ मध्ये लवादाने दोन विरुद्ध एक अशा मताने तिच्या विरुद्ध निकाल दिला. त्यात नियम भेदभाव करणारा आहे हे मान्य केलं, पण महिला गटाच्या न्याय्यतेसाठी तो आवश्यक आहे असं म्हटलं. सेमेन्या स्विस न्यायालयात हरली, मग युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने सांगितलं की स्विस न्यायालयात तिला न्याय्य सुनावणी मिळाली नाही. सोळा वर्षं! दरम्यान नियम आणखी कडक झाले. २०२३ पासून सगळ्या शर्यतींना लागू झाले आणि सप्टेंबर २०२५ पासून जागतिक स्पर्धेच्या महिला गटासाठी एकदा जनुकीय चाचणी सक्तीची झाली.

माझं मत विचाराल तर महिला गटाला काहीतरी रेषा लागणार, हे मी नाकारत नाही. माझ्या हाताखाली मुली धावतात, त्यांच्या आया मला विचारतात. रेषा कुठे, यावर जाणकारांत वाद आहेत आणि तो वाद प्रामाणिक आहे. पण रेषा ठरवणं वेगळं आणि अठरा वर्षांच्या पोरीला चव्हाट्यावर उभी करणं वेगळं. युगांडाच्या अ‍ॅनेट नेगेसाला २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर थांबवलं, तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ती पुन्हा त्या दर्जाचं धावू शकली नाही. शस्त्रक्रियेचा सल्ला आम्ही दिला नव्हता, असं संघटना म्हणते. मग दिला कुणी? आणि तुमच्या तालुक्यातल्या शर्यतीत तर नियमही नव्हता, तपासणीही नव्हती. होता फक्त माइक आणि एका बाईचे केस बारीक कापलेले.

'गंमत होती हो' असं ते गृहस्थ म्हणतील. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुइसला ऑलिंपिक झालं, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतले दोन त्स्वाना तरुण, लेन ताउ आणि यान माशियानी, मॅरेथॉन धावले. ते तिथे खेळाडू म्हणून आलेच नव्हते. शेजारच्या जत्रेत बोअर युद्धाचा देखावा चालायचा, त्यात त्यांना आणलं होतं. नववे आणि बारावे आले. ताउमागे वाटेत कुत्रं लागल्याचं सांगतात. ऑलिंपिक मॅरेथॉनमधले पहिले कृष्णवर्णी आफ्रिकन धावपटू, आणि लोकांच्या लेखी तीसुद्धा गंमतच होती.

'त्यांना निसर्गाची देणगीच असते' या बोलण्याचाही मला तितकाच कंटाळा आहे. केनियातलं इटेनसारखं गाव २४०० मीटर उंचीवर आहे, हे खरं. उंचीचा फायदा होतो, हेही खरं. पण त्याच गावात पहाटे साडेपाचला अंधारात शेकडो पोरं धावतात आणि त्यातली बहुतेक कधीच विमानात बसत नाहीत. बीडच्या मांडव्याचा आपला अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत स्टीपलचेसमध्ये केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा अवघे पाच शतांश सेकंद मागे राहिला. १९९८ पासून राष्ट्रकुलच्या त्या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियानेच नेली होती. साबळेबद्दल आपण 'दुष्काळी भागातल्या पोराची मेहनत' म्हणालो आणि बरोबर म्हणालो. किबिवोटची मात्र देणगी?

आता तुमचा ठराव. माझ्या अनुभवावरून मी असं करीन.

खुला गट खुलाच ठेवा. त्याच्याबरोबर भारतीयांसाठी वेगळी आणि तालुक्यातल्यांसाठी आणखी वेगळी बक्षिसं ठेवा. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय एलिट धावपटूंची वेगळी क्रमवारी आणि वेगळं बक्षीस असतंच, त्याने कुणाचा अपमान होत नाही. तुमच्या पोरांची नाराजी ऐंशी टक्के इथेच मिटेल. पैसे कमी असतील तर खुल्या गटाची रक्कम कमी करा. शर्यत निव्वळ गावापुरती ठेवायची असेल तर तसंही चालेल, पण मग 'फक्त तालुक्यातील रहिवासी' असं लिहा. तो नियम पुण्याच्या जोशींनाही लागू होतो आणि नैरोबीच्या माणसालाही. 'आफ्रिकन नकोत' हे मात्र कागदावरही नको आणि तोंडीही नको.

जो परदेशी धावपटू घ्याल त्याची कागदपत्रं आधी बघा: पासपोर्ट, व्हिसा कोणत्या प्रकारचा, त्याच्या देशाच्या महासंघाचं संमतीपत्र. हे त्याला अडवायला नव्हे. गल्लत झाली तर तुम्ही घरी जाता आणि पोलीस ठाण्यात तो बसतो. पासपोर्टची झेरॉक्स घ्या, मूळ पासपोर्ट ताब्यात ठेवू नका आणि त्याच्या मॅनेजरलाही ठेवू देऊ नका. एका शर्यतीत इथिओपियाच्या एका मुलीचा पासपोर्ट तिला घेऊन आलेल्या माणसाच्या खिशात होता. चार दिवस ती त्याला विचारल्याशिवाय जेवायलाही आली नाही. मला ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं आणि मी तिसऱ्या दिवशी बोललो. ते अजून सलतं.

पैशांचं आधी लिहून द्या. अनिवासी परदेशी खेळाडूच्या बक्षिसावर प्राप्तिकर २० टक्के आणि वर उपकर, तो कापूनच द्यावा लागतो. इथे शिकणारा विद्यार्थी असेल तर हिशेब वेगळा होऊ शकतो, सीएला विचारा. एजंटचे साधारण १५ टक्के जातात. म्हणजे मंचावर लाखाचा पुठ्ठ्याचा चेक धरलेल्या माणसाच्या हाती साधारण पासष्ट हजार येतात, तेही आले तर. उरलेली रक्कम खेळाडूच्याच खात्यात टाका. बायकांच्या बाबतीत तर हट्टाने. ऑक्टोबर २०२१ मध्ये केनियाची अ‍ॅग्नेस तिरोप इटेनच्या घरात मारली गेली आणि पतीवर खुनाचा आरोप ठेवला गेला. त्याच्या महिनाभर आधी तिने फक्त महिलांच्या १० किलोमीटर शर्यतीचा जागतिक विक्रम केला होता. २०२४ मध्ये युगांडाची रेबेका चेप्टेगेई पॅरिस ऑलिंपिकहून परतल्यावर महिन्याभरात गेली, जोडीदाराने पेट्रोल टाकून पेटवलं. बाईने कमावलेल्या पैशावर किती जणांचे डोळे असतात, ते आपल्या गावातही वेगळं नाही.

नाव नीट विचारून घ्या. 'प्रथम क्रमांक, केनिया!' असं पुकारू नका, माणसाला नाव असतं. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाकडून त्याचं नाव मोबाइलवर बोलून घ्यायचं आणि निवेदकाला ऐकवायचं, पाच मिनिटांचं काम आहे. जेवणात तिखट वेगळं ठेवा. मक्याचं पीठ आपल्याकडे मिळतंच, घट्ट उकड काढली की त्यांच्या उगालीच्या जवळ जातं. मी पहिल्यांदा केली तेव्हा गुठळ्या झाल्या होत्या, तरी पातेलं रिकामं झालं.

आणि ज्या महिला धावपटूबद्दल ते वाक्य निघालं, तिचा पत्ता तुमच्या नोंदणीच्या यादीत असेल. समितीच्या लेटरहेडवर, त्या गृहस्थांच्या सहीने, दोन ओळींची माफी पाठवा. बक्षिसाची रक्कम अजून दिली नसेल तर ती त्याच दिवशी जमा करा. करारपत्राचा मराठी नमुना माझ्याकडे आहे, हवा असेल तर इथेच सांगा. फक्त त्यातला 'रक्कम किती दिवसांत देणार' हा रकाना रिकामा ठेवून सही घेऊ नका, बहुतेक समित्या नेमकं तेच करतात.